हाडांतील विरघळते खिळे व त्यांची बिनतारी वार्ता

मोडलेलें हाड वैद्य सांधीत नाहीं. तें आपलें आपणच सांधलें जातें. वैद्याचें काम एवढेंच कीं, तें सांधलें जाईपर्यंत त्याचे दोन्ही तुकडे जागचे हलूं द्यावयाचे नाहींत. खेड्यांतील हाडवैद्य त्यासाठीं बांबूच्या कामट्या बांधतो, दवाखान्यांतील डॉक्टर प्लास्टर घालतो, आणि एवढ्यानें भागत नाहीं तेथें शस्त्रवैद्य हाडावर पोलादाची किंवा टिटॅनियमची पट्टी बसवून ती स्क्रूंनीं आवळतो. साधनें तीन असलीं तरी तत्त्व एकच : निसर्गाला उसंत मिळवून देणें.

कामट्या आणि प्लास्टर काम होतांच काढून टाकतां येतात. अंगांतील पट्टीचें तसें नाहीं. पोलाद हाडाच्या सुमारें दहापट ताठर असतें. त्यामुळें शरीराचा भार हाडाऐवजीं पट्टीच वाहूं लागते, आणि ज्या हाडाला काम उरत नाहीं तें हळूहळू विरळ होत जातें. भाराप्रमाणें हाड आपली घडण बदलतें, हा सिद्धांत बर्लिनचे युलियस वोल्फ यांनीं १८९२ मध्यें ग्रंथरूपानें मांडला. म्हणूनच कित्येक रुग्णांच्या, विशेषतः वाढत्या वयाच्या मुलांच्या, अंगांतील धातु काढण्यासाठीं दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. गवंडी कमान बांधतांना खालीं लांकडी सांगाडा उभारतो आणि चुन्यानें घट्ट धरलें म्हणजे तो काढून घेतो. हा सांगाडा काम संपतांच आपोआप नाहींसा झाला तर किती बरें, असा विचार शस्त्रवैद्यांच्या मनांत येणें स्वाभाविकच होतें.

अशा गुणाचा एक धातु म्हणजे मॅग्नेशियम. इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हंफ्रे डेव्ही यांनीं तो १८०८ मध्यें प्रथम वेगळा केला. तो वजनानें हलका आहे, ताठरपणांत पोलादापेक्षां हाडाला पुष्कळ जवळचा आहे, आणि देहाला मुळींच परका नाहीं. प्रौढ माणसाच्या शरीरांत तो सुमारें २५ ग्रॅम असतो व त्यांतील निम्म्याहून अधिक हाडांतच असतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत बेल्जमचे प्रसिद्ध शस्त्रवैद्य आल्बँ लाँबोत यांनीं पायाच्या मोडलेल्या हाडावर मॅग्नेशियमची पट्टी पोलादी खिळ्यांनीं बसविली. आठच दिवसांत पट्टीचा चुरा झाला आणि कातडीखालीं वायु सांठला. त्याचें कारण असें : देहांतील रस खारट असतात, आणि खारट पाण्यांत दोन भिन्न धातु एकमेकांस चिकटून राहिले म्हणजे त्यांचा विजेचा घटच बनतो. त्यांतील अधिक क्रियाशील धातु झपाट्यानें खर्चीं पडतो. येथें मॅग्नेशियम खर्चीं पडलें. लाँबोत यांचे सहायक व्हर्ब्रुग यांनीं पुढें प्रयोग चालू ठेवले, तरी न गंजणाऱ्या पोलादापुढें हा धातु मागें पडला.

पुढें विरघळणाऱ्या द्रव्यांचा शोध दुसऱ्याहि वाटेनें सुरू झाला. १९६६ मध्यें कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांनीं पॉलिलॅक्टिक ॲसिड या प्लास्टिकचा शस्त्रक्रियेंत उपयोग करतां येईल असें दाखविलें. मॅग्नेशियमचे नवे मिश्रधातु तयार होऊं लागल्यावर त्या जुन्या कल्पनेलाहि पुन्हां पालवी फुटली. २०१३ मध्यें जर्मनींतील हॅनोव्हर येथें तयार झालेल्या मॅग्नेशियमच्या स्क्रूला युरोपांत मान्यता मिळाली, आणि २०२३ मध्यें अमेरिकेच्या नियामक खात्यानेंहि अशा एका स्क्रूला संमति दिली.

परंतु लाँबोत यांना नडलेला वेगाचा प्रश्न आजहि उभा आहे. एक ग्रॅम मॅग्नेशियम पाण्याशीं संयोग पावून संपलें म्हणजे सुमारें एक लिटर हायड्रोजन वायु निघतो. तो सावकाश निघाला तर रक्तप्रवाह त्याला वाहून नेतो. घाईनें निघाला तर त्याचे फुगे बनून नव्या हाडाची जागा अडते. प्रौढाच्या नडगीचें हाड धरावयास तीन-चार महिने, कधीं त्याहूनहि अधिक काळ लागतो. स्क्रू दुसऱ्याच महिन्यांत दुबळा झाला तर जोड सरकण्याचें भय. फार काळ टिकला तर त्याचा मूळ हेतूच विफळ.

हा वेग प्रयोगशाळेंतील भांड्यांत मोजतां येतो. पण भांडें म्हणजे देह नव्हे. भोंवतालचा रक्तप्रवाह, रसांची आम्लता व हाडावरील भार जागोजाग निराळे असतात. क्ष-किरणांच्या चित्रांत मॅग्नेशियमची छाया हाडाच्या छायेंत मिसळून जाते, शिवाय तीं चित्रें वारंवार घेणें इष्ट नसतें. रक्ताची तपासणीहि उपयोगी पडत नाहीं, कारण वाढलेलें मॅग्नेशियम मूत्रपिंडें निमूटपणें बाहेर टाकतात. अमेरिकेंतील सिनसिनाटी येथील संशोधकांनीं उंदरांवर एक सुबक युक्ति केली : त्वचेंतून झिरपणाऱ्या हायड्रोजननें रंग बदलणारी पातळ पट्टी त्यांनीं कातडीवर ठेवली व रंगावरून आंतील झिजेचा अंदाज बांधला. परंतु खोल हाडांतील वार्ता रोजच्या रोज मिळावी, तर संवेदक खिळ्याजवळच हवा.

येथें बिनतारी विद्या मदतीला येते, आणि तिचें तत्त्व रेडिओ ऐकणाऱ्यांच्या परिचयाचेंच आहे. जुन्या रेडिओ-यंत्राची खुंटी फिरविली म्हणजे आंतील कंडेन्सरचे पत्रे सरकतात. तारेचें वेटोळें व कंडेन्सर या जोडीची एक ठराविक कंपनसंख्या असते; तिच्याशीं जुळणाऱ्या लहरीलाच ती जोडी ओ देते. कंडेन्सरची धारणाशक्ति चौपट झाली तर कंपनसंख्या निम्म्यावर येते. आतां अशी एक इवलीशी जोडी खिळ्याशेजारीं ठेवली आणि खुंटी फिरविण्याचें काम देहावरच सोपविलें, अशी कल्पना करावी. पत्र्यांमध्यें विरघळणाऱ्या प्लास्टिकचा थर असतो. पत्र्यांमध्यें पोकळीऐवजीं असें प्लास्टिक असेल तर धारणाशक्ति सुमारें तिप्पट होते. पाणी असेल तर ती सत्तरपटींहून अधिक वाढते. थर झिजून त्यांत पाणी शिरूं लागलें कीं कंपनसंख्या उतरूं लागते. अंगावर बाहेरून दुसरें वेटोळें धरून डॉक्टरनें क्रमाक्रमानें निरनिराळ्या लहरी सोडाव्या. जी लहर आंत अधिक शोषिली जाईल ती त्या दिवसाची वार्ता. तार नको, बॅटरी नको, जखमहि नको.

बिनबॅटरीचा असा संवेदक डोळ्यांतील दाब मोजण्यासाठीं कॉलिन्स यांनीं १९६७ मध्येंच केला होता. बर्लिनच्या बेर्गमान यांनीं कृत्रिम खुब्यांत मोजयंत्रें बसवून, चालतांना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारें अडीचपट भार येतो, हें बिनतारी मार्गानें मोजून दाखविलें. मात्र ते संवेदक कायमचे होते. विरघळत्या खिळ्याशेजारीं न विरघळणारा संवेदक ठेवणें म्हणजे एक शस्त्रक्रिया टाळून दुसरी ओढवून घेणें होय.

त्यावरहि उपाय निघत आहेत. २०१२ मध्यें इलिनॉय व टफ्ट्स विद्यापीठांतील संशोधकांनीं अतिशय पातळ सिलिकॉन, मॅग्नेशियम व रेशीम यांचीं, काम झाल्यावर विरघळून जाणारीं विद्युत्-साधनें तयार केलीं. २०१४ मध्यें जॉर्जिया येथील तंत्रविद्यालयांतील संशोधकांनीं जस्त, लोखंड व पॉलिलॅक्टिक ॲसिड यांसारख्या विरघळणाऱ्या द्रव्यांचा बनविलेला बिनतारी दाबमापक प्रसिद्ध केला. त्यांत जस्त व लोखंड मुद्दाम एकत्र ठेवले होते, कारण दोघांचा घट बनला म्हणजे जस्त लवकर संपतें. लाँबोत यांच्या रुग्णाला जें अपघातानें भोगावें लागलें, तेंच येथें योजनापूर्वक कामाला लाविलें आहे.

तरीहि अडचणी थोड्या नाहींत. खारट मांसरक्त बिनतारी लहरी शोषून घेतें, म्हणून बाहेरचें वेटोळें अगदीं जवळ धरावें लागतें. शिवाय साक्षीदारानें साक्ष पुरी होण्यापूर्वींच निघून जातां कामा नये. संवेदक स्वतः झिजला म्हणून आलेली वार्ता खिळ्याच्या झिजेची समजली गेली तर न कळण्यापेक्षांहि तें वाईट. वर सांगितलेले मान्यताप्राप्त स्क्रू मुकेच आहेत.

पाठीवर पोतें वाहणारा हमाल किंवा चिखलांत उभा राहणारा शेतमजूर डॉक्टरला एकच गोष्ट विचारतो : "आतां पायावर भार देऊं का?" घाई केली तर हाड जातें, उशीर केला तर घरची चूल थंडावते. आज डॉक्टर अनुभवानें व क्ष-किरणांच्या चित्रांवरून उत्तर देतो. हाडांतील खिळा आपली वार्ता आपण सांगूं लागेल, तेव्हां त्या उत्तराला मोजमापाचा आधार मिळेल.