हलकेपणाचे गणित : घरी जोडलेल्या एका मोटारीची कहाणी

मोटारीचा वेग वाढवायचा असेल तर इंजिन मोठे करावे, हा सर्वसाधारण समज. कॉलिन चॅपमन या इंग्रज तंत्रज्ञाने त्याच्या नेमके उलट सांगितले : आधी गाडी साधी करा आणि मग तिच्यात हलकेपणा ‘भरा’. वजन काढून टाकणे म्हणजे एखादी गोष्ट भरणे, ही कल्पना आज जाहिरातीतल्या वाक्यासारखी वाटते. पण तिच्यामागे गणित होते, करकायद्यातली एक पळवाट होती आणि रात्री घरामागच्या शेडमध्ये पान्हा घेऊन बसणाऱ्या सामान्य माणसांची एक पिढी होती. या तिन्हींच्या मेळातून ‘लोटस सेव्हन’ ही गाडी जन्माला आली. तिचा वारसा सांगणाऱ्या गाड्या आजही लोक स्वतःच्या हातांनी जोडतात, उघडतात आणि पुन्हा जुळवतात.

भंगारातून शर्यतीकडे

चॅपमन (१९२८–१९८२) लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्थापत्य अभियांत्रिकी शिकला. पूल आणि इमारतींच्या सांगाड्यांत कोणती कांब ताणली जाते, कोणती दाबली जाते, हे त्याचे मूळ शिक्षण. १९४८ साली त्याने होणाऱ्या पत्नीच्या, हेझेल विल्यम्सच्या, घरच्या गॅरेजात एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून आपली पहिली शर्यतीची गाडी उभी केली. ऑस्टिन सेव्हन ही १९२२पासून १९३९पर्यंत निघालेली मध्यमवर्गीयांची छोटी मोटार. युद्धानंतर तिचे सांगाडे स्वस्तात मिळत आणि तेवढ्या भांडवलावर शर्यतीत उतरणाऱ्या हौशी लोकांचे क्लबही होते. १९५२ साली चॅपमनने ‘लोटस’ कंपनी काढली, तीही हेझेलने दिलेल्या पंचवीस पौंडांवर.

१९५७ साली ‘सेव्हन’ बाजारात आली. पोलादी नळ्यांचा त्रिकोणात्मक सांगाडा, त्यावर ॲल्युमिनिअमचे पत्रे, दोन माणसांपुरती जागा. दारे नाहीत, पक्के छप्पर नाही. त्रिकोणच का, हे पत्र्याच्या शेडची कैची पाहिलेल्या कोणालाही कळेल. चौकोन दाबला की तिरका होतो. त्रिकोणाची एखादी बाजू वाकल्याशिवाय किंवा तुटल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. म्हणून बारीक नळ्या वापरूनही सांगाडा ताठ राहतो.

ही गाडी सुट्या भागांच्या रूपात विकण्यामागचे कारण मात्र अभियांत्रिकीचे नव्हते. ब्रिटनमध्ये १९४०पासून खरेदी-कर होता आणि तयार मोटारीवर तो जबर बसे. सुटे भाग घेऊन मालकानेच गाडी जोडली तर तो लागत नसे. अट अशी की जोडणीच्या सूचना सोबत देता कामा नयेत. लोटसने त्यावर गाडी ‘सुटी कशी करावी’ याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकांनी त्या उलट्या क्रमाने वाचल्या, असा किस्सा नेहमी सांगितला जातो. १९७३ साली मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी ग्रॅहम नर्न यांच्या ‘केटरहॅम’ने सेव्हनचे हक्क घेतले. कर वाचेनासा झाला तरी गाडी स्वतः जोडण्याची रीत मात्र टिकली.

१९९६ साली रॉन चॅम्पियन यांचे एक पुस्तक आले. अवघ्या २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार कशी बांधावी, हे त्याच्या शीर्षकातच होते. जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल काढायचा, चौकोनी नळ्या कापून वेल्ड करायच्या आणि सेव्हनच्या धर्तीचा सांगाडा घरीच करायचा. या घरगुती गाड्यांना ‘लोकॉस्ट’ हे नाव पडले.

वजन कमी झाले की काय बदलते?

केटरहॅमच्या ‘सेव्हन १७०’ या गाडीचे वजन ४४० किलो आहे. तिला सुझुकीचे ६६० सीसीचे टर्बो इंजिन आहे, म्हणजे आपल्या मारुती ८००च्या ७९६ सीसीहूनही लहान. ताकद ८४ अश्वशक्ती. चालक ७५ किलोचा धरला तरी टनामागे १६०हून जास्त अश्वशक्ती पडते. दीड टनाच्या गाडीला त्याच चालकासह हे प्रमाण गाठायचे तर सुमारे अडीचशे अश्वशक्ती लागेल.

पण खरा फायदा वळणावर आणि ब्रेक लावताना दिसतो. गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात असते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी ५०० किलोची गाडी थांबवताना ब्रेकना जेवढी उष्णता पचवावी लागते, त्याच्या तिप्पट उष्णता १५०० किलोच्या गाडीला पचवावी लागते. म्हणून हलक्या गाडीला लहान ब्रेक पुरतात, लहान ब्रेकमुळे चाके लहान चालतात आणि गाडी आणखी हलकी होते. वजन कमी करण्याला असे चक्रवाढ व्याज मिळते.

टायरचाही एक स्वभाव आहे. त्याच्यावरचा भार दुप्पट केला तर त्याची पकड दुपटीहून थोडी कमीच वाढते. वळणावर आतल्या चाकांवरचा काही भार बाहेरच्या चाकांवर जातो. त्यामुळे बाहेरचे टायर जेवढी पकड कमावतात, त्याहून जास्त आतले टायर गमावतात. हा सरकणारा भार तीन गोष्टींवर ठरतो : वजन, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर. गाडी हलकी, बुटकी आणि रुंद करायची ती यासाठी. पुढच्या-मागच्या बाजूला जोडलेली अँटी-रोल पट्टी कडक केली तर एकूण सरकणारा भार बदलत नाही. त्यातला किती वाटा पुढच्या चाकांनी घ्यायचा आणि किती मागच्यांनी, एवढेच बदलते. पुढची पट्टी कडक केली की पुढचे टायर लवकर थकतात आणि गाडी वळणाबाहेर जाऊ पाहते. मागची कडक केली की शेपूट सुटते.

डुगडुगणारे टेबल

घरी करायच्या जुळवणीतले सगळ्यात महत्त्वाचे काम म्हणजे चार चाकांवरचा भार मोजणे. एक पाय आखूड असलेले टेबल समोरासमोरच्या दोन पायांवर, म्हणजे एका कर्णावर उभे राहते आणि डुगडुगते. आपण कागदाची घडी आखूड पायाखाली सारतो. मोटारीला स्प्रिंगा असल्यामुळे ती डुगडुगत नाही, पण दोष तोच असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

एक उदाहरण घेऊ. चालकासह ५८० किलोच्या गाडीत पुढचे डावे चाक १४० किलो उचलते, पुढचे उजवे १३०, मागचे डावे १५० आणि मागचे उजवे १६०. डावी बाजू २९०, उजवीही २९०. म्हणजे वरवर सारे ठीक. पण कर्ण पाहिले तर एकावर ३०० आणि दुसऱ्यावर २८०. अशी गाडी डाव्या वळणावर एक वागते आणि उजव्या वळणावर दुसरेच. जोरात ब्रेक लावला तर हलके असलेले पुढचे उजवे चाक आधी अडकते.

स्प्रिंगखालची बैठक आट्यांवरून वर-खाली करता येते. पुढच्या उजव्या कोपऱ्याची बैठक थोडी वर घेतली की त्या चाकावरचा भार वाढतो, त्याबरोबर मागच्या डाव्या चाकावरचाही वाढतो आणि उरलेल्या दोन चाकांवरचा तेवढाच उतरतो. पाच-पाच किलोंचा फरक पडला की आकडे १३५, १३५, १५५ आणि १५५ होतात. दोन्ही कर्ण २९०. पुढे-मागे किंवा डावीकडे-उजवीकडे असलेले एकूण वजन मात्र बैठक फिरवून बदलत नाही. त्यासाठी बॅटरीसारखी एखादी वस्तूच जागेवरून हलवावी लागते.

यासाठी महागडे काटे लागतातच असे नाही. गाडी इतकी हलकी असते की माणसांचे वजन करायचे घरगुती काटे चालतात. काटा कमी पडला तर फळीचे एक टोक काट्यावर आणि दुसरे विटेवर ठेवून चाक बरोबर मध्यावर घ्यायचे. काटा निम्मा भार दाखवतो. फळीच्या वजनाचा वाटा तेवढा आधी वजा करायचा. पथ्ये मात्र कडक आहेत. चारही चाके एका पातळीत हवीत, आणि त्यासाठी पाणसळ लागते. टायरमधली हवा आधी ठरलेली हवी. अँटी-रोल पट्टी सोडवलेली हवी. चालकाच्या जागी त्याच्या वजनाची वाळूची पोती हवीत, कारण अशा गाडीत चालक हा एकूण वजनाचा सातवा-आठवा हिस्सा असतो. प्रत्येक फेरबदलानंतर गाडी हाताने दाबून हलवायची, म्हणजे स्प्रिंगा नीट बसतात.

चाकांचे कोनही गवंड्याच्या साधनांनी मोजता येतात. चाक वरून आत किती झुकले आहे, हे ओळंबा सांगतो. रिमच्या वरच्या आणि खालच्या कडांत ३५० मिलिमीटर अंतर असेल, तर दोऱ्यापासूनच्या अंतरांत सहा मिलिमीटरांचा फरक म्हणजे साधारण एक अंश. पुढची चाके एकमेकांकडे किती वळली आहेत, हे गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोऱ्या ताणून मोजतात. हे काम शेवटी करायचे, कारण उंची किंवा झुकाव बदलला की तेही बदलते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, वहीत लिहावी आणि मग गाडी चालवून पाहावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुधारली किंवा बिघडली ती कशामुळे, ते कधीच कळत नाही.

आधी काय बदलावे?

नवख्या मालकाचा हात आधी इंजिनाकडे जातो. अनुभवी माणूस टायरपासून सुरुवात करतो, कारण इंजिन, ब्रेक आणि स्टिअरिंग या तिघांचे काम अखेर तळहाताएवढ्या चार ठशांतून रस्त्यावर उतरते. हलक्या गाडीत हवाही कमी लागते. नेहमीच्या मोटारीत तीस-बत्तीस पौंड हवा असते. सेव्हनचे मालक अठरा-वीस पौंडांच्या आसपास ठेवतात. जास्त भरली तर टायर फुगून मधल्या पट्ट्यावरच टेकतो. त्यानंतर ब्रेकचे पॅड आणि ब्रेक ऑइल. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, डॉट ४चा २३०. पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि तो बिंदू घसरत जातो, म्हणून ते ठरावीक काळाने बदलावे लागते. मग शॉक ॲब्सॉर्बर, आसन आणि पट्टे, आणि इंजिन सर्वांत शेवटी.

हलकेपणाची किंमत

ही कहाणी इथेच थांबवली तर ती अर्धी राहील. चॅपमनच्या शर्यतीच्या गाड्यांनी अनेक विजेतेपदे मिळवली, पण त्या नाजूक असतात असा बोलबालाही होता. सप्टेंबर १९७०मध्ये मोंझाच्या सरावात लोटस ७२ चालवताना योहेन रिंट मरण पावला. पुढच्या ब्रेकचा दांडा तुटल्याचे चौकशीत पुढे आले. कडेच्या कुंपणाची सदोष बांधणीही प्राणघातक ठरली. त्या वर्षीचे विश्वविजेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले. फॉर्म्युला वनच्या इतिहासात असे दुसरे उदाहरण नाही.

वजन काढताना कुठे थांबायचे, हा प्रश्न घरच्या शेडमध्येही तेवढाच खरा असतो. रेडिओ, गालिचा, छप्पर काढले तर गैरसोय होते. सस्पेन्शनचा बोल्ट बारीक केला तर माणूस जातो. म्हणूनच नायलॉनच्या कड्याचे नट एकदा काढले की नवे घालावेत, प्रत्येक बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळावा, आवळल्यावर त्यावर रंगाची खूण करावी आणि जमल्यास दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यावे, असे दंडक या मंडळींनी घालून घेतले आहेत. ब्रिटिश सरकारनेही मधला मार्ग काढला. १९९८पासून घरी जोडलेल्या एकेका मोटारीची स्वतंत्र तपासणी सक्तीची झाली आणि २००९मध्ये ती अधिक काटेकोर झाली. ब्रेक, स्टिअरिंग, पट्टे, दिवे, एवढेच नव्हे तर अंगाला लागेल अशी पत्र्याची धारसुद्धा पाहिली जाते. गाडी बांधायला बंदी नाही. उत्तीर्ण झाल्याशिवाय ती रस्त्यावर मात्र येत नाही.

आपल्याकडे १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम निराळ्या दिशेने जाते. उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितले. आपल्या रस्त्यांवरची गर्दी पाहता या सावधगिरीला कारण आहे. तिची किंमतही आहे. फेरफार तर होतातच, पण ते तपासणारा कोणी नसतो आणि कर्णावरचा भार मोजणाराही विरळा. ज्ञान आणि जबाबदारी एकत्र शिकवणारी जागा आज प्रामुख्याने अभियांत्रिकी महाविद्यालयांत उरली आहे. कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर भरणाऱ्या ‘फॉर्म्युला भारत’सारख्या स्पर्धांसाठी विद्यार्थी त्रिकोणी सांगाडे वेल्ड करतात, चार काटे मांडतात, दोऱ्या ताणतात. त्यांची गाडी आधी तपासनिसांपुढे उभी राहते आणि उत्तीर्ण झाली तरच ट्रॅकवर जाते.

आपण रोज ज्या यंत्रांत बसतो त्यांतली बहुतेक आता आपल्यासाठी बंद पेट्या आहेत. त्या सुरक्षित आहेत, सोयीच्या आहेत आणि त्यांच्या आत काय चालते हे आपल्याला ठाऊक नसते. सेव्हनसारखी गाडी व्यवहाराला फारशी उपयोगी नाही. पावसात तर मुळीच नाही. पण ती जोडणाऱ्याला आपल्या जिवाचा भार कोणत्या बोल्टवर आहे, हे नेमके माहीत असते. तो बोल्ट त्याने स्वतः आवळलेला असतो.