रिमफायर काडतुसांची दुर्मिळता

नागपूरच्या महाविद्यालयांत राष्ट्रीय छात्रसेनेमुळे .२२ रायफल परिचित आहे. तिच्या काडतुसाच्या बुडाशी वेगळी टोपी नसते. आघाताने पेटणारे द्रव्य पितळी कोशाच्या पोकळ कडेतच भरलेले असते. गोळी सुटताना ही कडा चेपते; म्हणून रिकामा कोश घरी पुन्हा भरणे जवळजवळ अशक्यच होय. कारखान्याने उत्पादन थांबविले की रायफलही मुकी होते! .२२ चा खप जगभर मोठा, म्हणून ते टिकून आहे. अमेरिकेतील रेमिंग्टन कंपनीच्या ५ मिलिमीटर काडतुसाचे तसे झाले नाही. १९७० च्या सुमारास निघालेले हे काडतूस १९८२ च्या सुमारास बंद पडले आणि त्याच्या सहस्रावधी रायफली निरुपयोगी झाल्या. मेक्सिकोतील आगिला कारखान्याने ते पुन्हा काढले, तोवर २००८ साल उजाडले होते.