खांद्याचा एक्स-रे निर्दोष, तरी हात का उचलत नाही?

पन्नाशी ओलांडलेली एखादी व्यक्ती ओल्या फरशीवरून घसरून हातावर पडते. एक्स-रेमध्ये हाड शाबूत दिसते. मलम आणि शेक सुरू होतो. तीन आठवड्यांनी सूज उतरते, पण हात काही वर जात नाही. मग 'खांदा आखडला' असे निदान घरच्या घरीच होते. वस्तुतः अशा वेळी बरेचदा तुटलेली असते ती कंडरा, आणि कंडरा एक्स-रेमध्ये दिसतच नाही.

कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा. खांद्याची खोबण उथळ, तर दंडाच्या हाडाचा गोल मोठा. फऱ्यापासून निघालेले चार स्नायू आपल्या कंडरांची गवसणी घालून हा गोल जागेवर धरून ठेवतात. हाच 'रोटेटर कफ'. त्यातील सर्वांत वरच्या 'सुप्रास्पायनेटस'ची कंडरा हाडाच्या छताखालच्या चिंचोळ्या जागेतून जाते. वयपरत्वे तीच अधिक झिजते आणि फाटतेही तीच अधिक. त्यासाठी पडण्याचेही निमित्त लागत नाही.

माळ्यावरचा डबा काढताना कळ येते का, त्या कुशीवर झोपता येते का, हे डॉक्टर आधी विचारतात. त्यानंतरची एक साधी तपासणी फार मोलाची असते. रुग्णाला स्वतः हात उचलता येत नाही, पण डॉक्टरांनी उचलल्यास तो वर जातो, तर संशय कंडरेचा. दोन्ही प्रकारे अडत असेल, विशेषतः कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर वळत नसेल, तर खांदा खरोखरच आखडलेला असू शकतो. मधुमेहींमध्ये हे अधिक आढळते. हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांतच दुखणे, आडवा धरलेला हात एकदम खाली पडणे, कमरेमागे टेकवलेला हात पाठीपासून उचलता न येणे, या खुणाही पाहतात. कोणतीही एकच चाचणी निर्णायक नसते. मानेतील नस दबल्यानेही खांदा दुखतो, म्हणून मानही तपासलीच पाहिजे.

सोनोग्राफी किंवा एमआरआय त्यानंतर. येथे एक गंमत आहे. साठीनंतर काहीही दुखत नसलेल्या अनेकांच्या खांद्यातही फाटलेली कंडरा सापडते! त्यामुळे अहवालातील 'टेअर' हा शब्द वाचून शस्त्रक्रियेची तारीख घेण्याचे कारण नाही. झिजेने हळूहळू झालेल्या दुखापतीत काही महिने नेमाने केलेला व्यायाम बहुतेकांना पुरेसा ठरतो.

पडल्यावर अचानक हात लुळा झाला, तर मात्र हा धीर महागात पडतो. तुटलेली कंडरा मागे सरकत जाते, वापराविना राहिलेल्या स्नायूची जागा चरबी घेऊ लागते, आणि काही महिन्यांनी टाके घालायचे म्हटले तरी कंडरा हाडापर्यंत ओढून आणणे कठीण होते. अशा रुग्णाने एक-दोन आठवड्यांतच अस्थिरोगतज्ज्ञांना गाठावे, आणि एक्स-रे निर्दोष असला तरी 'हात माझ्या बळावर उचलत नाही' हे त्यांना स्पष्ट सांगावे.