दाराआडचं पोर

राजकारणाचा सिनेमा आणि वाढत्या वयाचा सिनेमा हे मराठीतले दोन समृद्ध प्रवाह, पण ते क्वचितच एकमेकांना मिळाले. 'सामना' आणि 'सिंहासन' ही जब्बार पटेलांची सत्तरच्या दशकातली जोडी घ्या. साखरसम्राट, मुख्यमंत्री, पत्रकार, कामगारनेता. सगळी माणसं पिकलेली, सगळ्यांचे हिशेब पडदा उघडण्याआधीच ठरलेले. दुसऱ्या बाजूला 'टिंग्या', 'विहीर', 'एलिझाबेथ एकादशी' यांतलं पोरांचं जग इतकं जिवंत आहे की जीव गुंतून पडतो; पण सत्ता तिथे आली तर कर्जाच्या, टंचाईच्या रूपाने येते, खेळी करणाऱ्या माणसांच्या रूपाने नाही. मला लिहायचं आहे ते तिसऱ्या, संख्येने फार थोड्या चित्रपटांबद्दल. मोठ्यांचं कारस्थान चालू आहे आणि त्याच घरात, त्याच शाळेत दाराआड एक पोर उभं आहे. त्याला अर्धंच ऐकू येतं. उरलेलं ते आपल्या मनाने जुळवतं, बहुधा चुकीचं जुळवतं, आणि त्या चुकीची किंमत मोजत मोठं होतं.

हा विषय कशेडीच्या बाजूने मांडावासा वाटतो, कारण या पट्ट्याएवढी अशी पोरं महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच सापडतील. कशेडीचा घाट म्हणजे पोलादपूर आणि खेडच्या मधला डोंगर, रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांची शीव. अलीकडे सावित्रीचं खोरं, महाड आणि त्यामागे रायगड. पूर्वेला आंबेनळी घाटाच्या वर प्रतापगड आणि जावळी. पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवाजी महाराजांचा जन्म, बालपण आणि त्या बालपणाभोवती चाललेलं निजामशाही-आदिलशाहीचं राजकारण 'शिवभारता'त संस्कृतात बांधणारा कवी तो हाच. ते काव्य अपुरंच राहिलं. पण राजकारणाच्या धुमाळीत वाढणाऱ्या मुलाची गोष्ट सांगायची म्हणजे आधी भोवतालच्या मोठ्यांचे डाव नीट सांगावे लागतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

रायगडावरची मुलंच पाहा. ३ एप्रिल १६८० रोजी महाराज गेले. त्याच महिन्यात सोयराबाई आणि काही प्रधान यांनी राजारामांना गादीवर बसवलं. त्यांचं वय दहा. थोरले संभाजीराजे बावीस-तेवीस वर्षांचे, पन्हाळ्यावर. हंबीरराव मोहित्यांनी संभाजीराजांची बाजू घेतली आणि डाव उलटला. हा प्रसंग नाटकांत, मालिकांत, चित्रपटांत कितीदा आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या लक्ष्मण उतेकर यांच्या 'छावा' या हिंदी चित्रपटातही अंतःपुरातलं कारस्थान आहे. पण कॅमेरा कुजबुजणाऱ्यांच्या तोंडावर राहतो किंवा ज्याच्याविरुद्ध कुजबुज चालली आहे त्या पराक्रमी पुरुषावर. ज्याला उचलून मंचकावर बसवलं, ज्याला दोनच महिन्यांत खाली उतरवलं, त्या दहा वर्षांच्या मुलाला त्या दिवसांत काय कळलं असेल? आईने कोणत्या शब्दांत समजावलं असेल? हा प्रश्न आमच्या ऐतिहासिक सिनेमाला पडत नाही, आणि त्याची ही मोठी उणीव आहे असं मला मनापासून वाटतं. तिथे लहान मूल म्हणजे उद्याचा वीर, हातात लाकडी तलवार घेतलेला. त्याला भीती वाटण्याची मुभा नाही.

संभाजीराजांच्या मुलाची, शाहूंची गोष्ट तर याहून दांडगी. जन्म १६८२ चा, रायगडाच्या घेऱ्यात, माणगावजवळच्या गांगवलीचा. १६८९ मध्ये वडील क्रूरपणे मारले गेले, काका राजाराम गडावरून निसटून प्रतापगडाकडे आणि पुढे जिंजीला गेले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रायगड झुल्फिकारखानाच्या हाती पडला. सात वर्षांचा मुलगा आई येसूबाईंसह मोगलांच्या छावणीत गेला तो १७०७ मध्ये, पंचविशीत, सुटला. सगळं बालपण आणि सगळं तारुण्य शत्रूच्या तंबूंत. ज्या बादशहाने बापाला मारलं त्याच्याच नजरेखाली, आणि त्याच बादशहाची मुलगी झीनतुन्निसा माया लावणारी. शाहूंनी धर्म बदलावा असं घाटलं तेव्हा प्रतापराव गुजरांचे मुलगे त्यांच्या जागी पुढे झाले. आणि सुटका झाली तीही राजकारणाचाच भाग म्हणून: शाहू दक्षिणेत आले की काकू ताराबाईंशी तंटा होईल आणि मराठे आपसांत गुंततील, हा मोगलांचा हिशेब. आई मात्र ओलीस राहिली, ती १७१९ पर्यंत. या मुलाला मध्यभागी ठेवणारा चित्रपट मी अजून पाहिलेला नाही. लढाई जवळजवळ नाही, घोषणा नाहीत, फक्त वाढणं आहे. कदाचित म्हणूनच निर्माते तिकडे वळत नसावेत.

महाडचं नाव तर एका कारस्थानालाच चिकटलेलं आहे. १७९५ च्या दसऱ्याच्या सुमारास सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून गेले, एकविसाव्या वर्षी. चाळीस दिवसांचे असताना त्यांना पेशवाईची वस्त्रं मिळाली होती. म्हणजे राजकारणाबाहेरचा एक दिवसही त्यांच्या वाट्याला आला नाही. पुढच्या वर्षी नाना फडणवीस पुण्यातून निघून महाडला येऊन राहिले आणि इथून निजाम, नागपूरकर भोसले, होळकर, कोल्हापूरकर, शिंद्यांच्या छावणीतली माणसं अशा सगळ्यांशी सूत्रं जुळवत डिसेंबर १७९६ मध्ये दुसऱ्या बाजीरावाला गादीवर आणलं. इतिहासाची पुस्तकं याला महाडचं कारस्थान म्हणतात आणि नानांच्या बुद्धीचं कौतुक करून पुढे जातात. पटावरच्या सोंगट्यांची वयं मात्र कोणी एकत्र मांडत नाही. बाजीराव एकवीस वर्षांचा, दौलतराव शिंदे सतराच्या आसपास. बाजीरावाचा धाकटा भाऊ चिमाजीअप्पा बाराएक वर्षांचा, दत्तक देऊन पेशवा केलेला आणि काही महिन्यांत बाजूला सारलेला. त्याला दत्तक घेणाऱ्या यशोदाबाई, सवाई माधवरावांच्या विधवा, त्याही वयाने लहानच. पुढे त्यांना रायगडावर ठेवण्यात आलं आणि त्या तिथेच वारल्या. चौपन्न वर्षांचा एक मुत्सद्दी महाडात बसून कागद लिहितो आहे आणि त्या कागदांनी चार पोरांची आयुष्यं ठरताहेत. खाडिलकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी 'सवाई माधवराव यांचा मृत्यू' हे नाटक लिहिलं तेव्हा शेक्सपिअर त्यांच्या डोळ्यांपुढे होता. रंगभूमीला या तरुणाच्या मनात डोकवावंसं वाटलं. पडद्याने ती वाट पुढे नेली नाही.

नेली असती तर काय झालं असतं, याचा नमुना प्रभातने १९४४ मध्येच दाखवला होता. 'रामशास्त्री' हा चित्रपट लोकांच्या आठवणीत आहे तो न्यायाधीशाच्या बाणेदारपणासाठी. गजानन जागीरदारांचा रामशास्त्री, ललिता पवारांची आनंदीबाई, आणि नारायणरावाच्या खुनाचा निवाडा. पण हा चित्रपट सुरू होतो तो अनंत मराठे यांनी केलेल्या पोरगेल्या रामपासून. बालविवाह, घरचं दारिद्र्य, अक्षरशत्रू असल्याचा अपमान, आणि मग काशीची वाट. ही पहिली बाजू इतकी जीव ओतून केली आहे की पुढे तोच राम पेशव्याच्या काकाला दोषी ठरवतो तेव्हा आपल्याला त्या निर्णयात अपमान गिळलेला मुलगा दिसतो. आणि ज्याच्यासाठी तो उभा राहतो तो नारायणरावही मारला गेला तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा होता. एकाला वाढायला मिळालं, दुसऱ्याला नाही. माझ्या मते मराठीतला या जातीचा पहिला मोठा चित्रपट हाच. मृणाल कुलकर्णी यांनी २०१४ मध्ये 'रमा माधव' केला तेव्हा शनिवारवाड्यात आलेल्या छोट्या रमेच्या डोळ्यांनी भाऊबंदकी पाहण्याची चांगली संधी होती. सुरुवातीच्या भागात ती साधलीही आहे. पुढे पानिपत आणि दरबार यांच्या भाराखाली रमा हळूहळू मागे सरकते.

राजवाडा सोडून आपण शाळेत आलो की मराठी सिनेमा एकदम मोकळा श्वास घेतो. सुजय डहाके यांचा 'शाळा' (२०१२), मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरचा. नववीतला मुकुंद जोशी, त्याची शिरोडकर, अर्धवट बांधकामात जमणारी मित्रमंडळी. बाहेर आणीबाणी चालू आहे. २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ हा काळ आपल्या राजकीय इतिहासात एवढा मोठा, पण मुकुंदाला तो कळतो शिक्षकांच्या अडखळण्यातून, घरातल्या दबक्या बोलण्यातून, नरूमामाच्या शेऱ्यांतून. त्याच्या लेखी खरी आणीबाणी वेगळीच आहे: आवडत्या मुलीशी बोलता येत नाही, बोललं तर बोभाटा होतो. मोठ्यांच्या देशात जे चाललं आहे तेच त्याच्या शाळेत छोट्या प्रमाणात चाललं आहे, आणि दिग्दर्शक हे कुठेही बोट दाखवून सांगत नाही. चित्रपटाला आणि अविनाश देशपांडे निगडी यांच्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले ते योग्यच.

याच डहाके यांनी २०२३ मध्ये 'श्यामची आई' पुन्हा केला. अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट पहिल्या सुवर्णकमळाचा मानकरी. त्याला हात लावणं धाडसच. पण डहाके यांनी गोष्ट तुरुंगात नेली. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, ही माहिती प्रस्तावनेतून उचलून त्यांनी पडद्यावर आणली, आणि तीही कृष्णधवल रंगात. कशेडीपलीकडे खेड-दापोलीच्या अंगाला असलेल्या पालगडचा श्याम आणि सत्याग्रही कैदी समोरासमोर आले. आईची शिकवण आणि परकीय सत्तेला दिलेला नकार एकाच माणसात कसे जुळले, हे त्यामुळे उलगडतं.

कोकणाशी सगळ्यात इमान राखणारा चित्रपट मात्र अविनाश अरुण यांचा 'किल्ला'. वडील गेलेला चिन्मय पुण्याहून समुद्रकाठच्या गावी येतो, कारण आईची बदली झाली आहे. आई सरकारी कचेरीत. एका प्रकरणात सही करण्यासाठी तिच्यावर दबाव येतो. वरिष्ठ, पुढारी, सहकारी सगळे गोड बोलत तिला कोपऱ्यात ढकलतात. चिन्मयला यातलं थोडंसंच समजतं. त्याला दिसते फक्त दमलेली, चिडलेली आई. तो तिच्यावर रुसतो, आणि आपण प्रेक्षक दोघांमध्ये अडकतो, कारण आपल्याला दोन्ही बाजू ठाऊक असतात. कोकणातलं खरं राजकारण असंच असतं. त्यात तलवार नसते, कचेरीतला चहा असतो. २०१४ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात बालप्रेक्षकांच्या परीक्षक मंडळाने या चित्रपटाला क्रिस्टल बेअर दिलं. आईच्या फाईलचा तपशील त्या परदेशी मुलांना कळला नसेल, पण आई आपल्यापासून काही लपवते आहे हे कळलं असणार.

'फँड्री'तली जात, 'सैराट'मधला पुढारी बाप यांवर पुष्कळ लिहून झालं आहे, म्हणून मी तिथे थांबत नाही. आशिष बेंडे यांच्या 'आत्मपॅम्फ्लेट'बद्दल (२०२३) मात्र पुरेसं बोललं गेलं नाही. परेश मोकाशी यांची पटकथा, शाळेतल्या मुलीवर जीव जडलेला एक मुलगा, आणि भोवती मंडल, मशीद, दंगली. हसवत हसवत हा चित्रपट दाखवतो की काल एका बाकावर बसणाऱ्या पोरांना आज आपापली जात आणि धर्म कसा शिकवला जातो. विनोदी आहे म्हणून त्याला हलका समजणाऱ्यांनी तो पुन्हा पाहावा.

लहान मुलाच्या नजरेत एक ताकद असते, ती जगाने ओळखली आहे. व्हिक्टर एरिसे यांनी 'द स्पिरिट ऑफ द बीहाइव्ह' १९७३ मध्ये फ्रँकोच्या हुकूमशाहीतच केला. यादवी नुकती संपलेल्या खेड्यातली छोटी आना लपलेल्या सैनिकाला राक्षस समजून खाऊ नेते, आणि जे उघड बोलता येत नव्हतं ते बोललं जातं. बर्तोलुची यांचा 'द लास्ट एम्परर' तीन वर्षांच्याही आतल्या सम्राटाला सिंहासनावर बसवतो. सवाई माधवरावांची आठवण येऊन मी तो चित्रपट पाहताना अस्वस्थ झालो होतो.

आणि आजची कशेडी? इथलं राजकारण आजही पोरांच्या देखत चालतं. शिमग्यात पालखी कोणाच्या अंगणात आधी जायची, मान कोणाचा, मुंबईच्या मंडळाने काय ठरवलं, ग्रामपंचायतीला वाडीने कोणाला उभं करायचं. गावकी बिनसली की एखादं घर वाळीत पडतं. रायगड जिल्ह्यातून अशा तक्रारी इतक्या आल्या की सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये विधिमंडळाला कायदा करावा लागला. त्या घरातल्या मुलाशी दुसऱ्या दिवसापासून कोणी खेळत नाही, आणि का ते त्याला कोणी सांगत नाही. पटकथेची पहिली वीस पानं इथेच तयार आहेत. २०२३ च्या गणपतीच्या तोंडावर कशेडीच्या बोगद्याची एक बाजू हलक्या गाड्यांना खुली झाली तेव्हापासून घाटाची वळणं चुकवून चाकरमानी मिनिटांत पार होतो. त्यामुळे मुंबईचं मंडळही गावाच्या भांडणात आता लवकर पोहोचतं.

पण मला निवड करायला सांगितली तर मी महाडचा आणखी एक मुलगा निवडेन. रामचंद्र बाबाजी मोरे, जन्म १९०३, महाडजवळच्या लाडवलीचा. शिष्यवृत्ती मिळवलेल्या या मुलाला अस्पृश्य म्हणून महाडच्या इंग्रजी शाळेत घेतलं नाही. अकरा वर्षांच्या पोराने तक्रार लिहिली, तिचा गवगवा झाला, प्रवेश मिळाला. पण बसायला जागा वर्गाबाहेर. तेच मोरे चोविसाव्या वर्षी मार्च १९२७ च्या महाड परिषदेच्या मुख्य संघटकांत होते. पुढे ते कम्युनिस्ट झाले. त्यांनी लिहायला घेतलेलं आत्मकथन पुरं झालं नाही. मुलगा सत्येंद्र मोरे यांनी चरित्र पुढे नेलं. जब्बार पटेलांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या चित्रपटात चवदार तळं आहे, बाबासाहेब आहेत, पण त्या तळ्यापर्यंत लोकांना आणण्याची तयारी ज्या पोराने वर्गाच्या दाराबाहेर बसून सुरू केली, त्याचं बालपण त्यात मावणारं नव्हतं. नगरपालिकेचे ठराव, सवर्णांतले साथी, उलटलेला जमाव, न्यायालयातला दावा: कारस्थान हवं तेवढं आहे, आणि मधोमध एक शाळकरी मुलगा. २० मार्च २०२७ रोजी चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतील. महाड, लाडवली, सावित्रीचा काठ ही सगळी ठिकाणं जागेवर आहेत, आत्मकथन छापील स्वरूपात उपलब्ध आहे, आणि मराठीत आता असे दिग्दर्शक आहेत ज्यांना मुलांकडून काम करून घेता येतं. त्यांच्यापैकी कोणी तरी कॅमेरा घेऊन महाडला यावं.