गाव दूर, मग घर कोणते?

मुंबईत कुणाची नवी ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला : "आपले गाव कोणते?" चाळीत जन्मलेला, चाळीतच म्हातारा झालेला माणूसही मंडणगड नाहीतर संगमेश्वर सांगतो. मे महिना उजाडला की मन गावाकडे धावते. आंब्याची झाडे, वहाळाचे पाणी, आजीच्या हातची भाकरी आठवते.

ही ओढ खोटी नाही. पण तिची दुसरी बाजूही मुलाबाळांना सांगितली पाहिजे, असे आम्हांला वाटते. आपल्या आजोबा-पणजोबांचे गाव म्हणजे गावाच्या कडेची वेगळी वाडी. पाणवठा वेगळा, बसायची जागा वेगळी. आपली माणसे पोटासाठी मुंबईला आली, तशी मान ताठ ठेवून चालता यावे म्हणूनही आली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना कठोर शब्दांत सुनावले, ते उगाच नव्हे.

खुद्द बाबासाहेबांचे गाव तरी कोणते म्हणावे? मूळ गाव आंबडवे, जन्म १८९१ साली महूला, शाळा साताऱ्यात. १९१३ साली ते न्यूयॉर्कला शिकायला गेले, पुढे लंडनला. १९१७ साली बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तेव्हा एवढ्या शिकलेल्या माणसाला कुणी खोली देईना. पारशी सराईत आसरा घेतला, तर काठ्या घेतलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढले. परक्या मुलखात मिळालेले छप्पर आपल्या देशात नाकारले गेले! पुढे परळच्या चाळीत संसार आणि अभ्यास चालला. १९३०च्या दशकात दादरला 'राजगृह' उभे राहिले, ते ग्रंथांच्या जागेचा मुद्दाम विचार करून.

ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या रहिवाशांना पहिल्या ५५६ नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात! उद्या तिथली मुले चाळीच्या गॅलरीसाठीही हळहळतील. माणसाचे मन असेच असते. जे मागे सुटते तेच गोड वाटते.

म्हणून सुट्टीत मुलांना गावी जरूर न्या. पोटभर आंबे खाऊ द्या. पण पूर्वी ज्या विहिरीवर आपल्याला पाणी भरता येत नव्हते, तीही दाखवा. आणि परत आल्यावर, खोली कितीही लहान असो, अभ्यासासाठी एक कोपरा मोकळा करून द्या. आपले घर तिथून सुरू होते.