ओटीपी बरोबर तुमच्याच फोनवर कसा येतो? मोबाइल नेटवर्कच्या पोटातल्या चार सेटिंग्जची गोष्ट

ऑनलाइन पैसे भरताना स्क्रीनवर 'ओटीपी पाठवला आहे' असं दिसतं आणि चार-पाच सेकंदांत फोन वाजतो. नाही वाजला, तर 'रिसेंड'चं बटण दाबलं जातं आणि शिव्या बसतात त्या बँकेला, नाहीतर सिमकार्डवाल्या कंपनीला.

पण त्या चार-पाच सेकंदांत नेटवर्कच्या आत बरीच विचारपूस होऊन गेलेली असते. बँकेकडून निघालेला मेसेज आधी मोबाइल कंपनीच्या एसएमएस केंद्रात येतो. हा नंबर या क्षणी कुठे आहे, हे त्या केंद्राला माहीत नसतं. म्हणून ते एचएलआर नावाच्या यंत्राला विचारतं. एचएलआर म्हणजे कंपनीची ग्राहकांची खातेवही. प्रत्येक ग्राहक सध्या कोणत्या एक्स्चेंजच्या हद्दीत आहे, याची नोंद तिथे असते. ते उत्तर मिळालं की मेसेज त्या एक्स्चेंजकडे, तिथून टॉवरकडे आणि टॉवरवरून फोनवर जातो.

यंत्रांच्या या आपसातल्या बोलण्याला सिग्नलिंग म्हणतात. ही यंत्रं एकमेकांना जोडताना इंजिनिअर काही मोजक्या सेटिंग्ज करतात. मेसेज पोहोचणार की नाही आणि तो भलत्याच्याच हाती पडणार की नाही, हे दोन्ही त्या सेटिंग्जवर अवलंबून असतं.

आवाजाचा रस्ता वेगळा, निरोपाचा वेगळा

पूर्वी फोनवरचं बोलणं आणि यंत्रांचे निरोप एकाच तारेवरून जात. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या लाइनवर २६०० हर्ट्झचा सूर वाजला, की लाइन मोकळी झाली असं एक्स्चेंज समजायचं. हा सूर बाहेरूनही काढता येतो, हे काही हौशी लोकांच्या लक्षात आलं. 'कॅप्टन क्रंच' नावाच्या नाश्त्याच्या खोक्यात मुलांसाठी फुकट मिळणारी एक शिट्टी नेमका तोच सूर काढायची! त्या सुरावर एक्स्चेंजला फसवून लोकांनी फुकटात फोन केले.

त्यावर कायमचा उपाय म्हणजे निरोपांसाठी वेगळं जाळं उभारणं. त्यासाठी १९८० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक आलं, 'सिग्नलिंग सिस्टीम नंबर ७', म्हणजेच एसएस७. या जाळ्यात प्रत्येक यंत्राला पिनकोडसारखा एक क्रमांक असतो, त्याला पॉइंट कोड म्हणतात. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो १४ बिटचा असतो, म्हणजे एका जाळ्यात जास्तीत जास्त १६,३८४ पत्ते.

जाळ्याच्या मधोमध बसतो एसटीपी, म्हणजे सिग्नल ट्रान्सफर पॉइंट. पोस्टात पत्रं वेगळी करून योग्य थैलीत टाकणारा माणूस जे काम करतो, तेच हा करतो. त्याच्यावर इतकं काही अवलंबून असतं, की एसटीपी सहसा जोडीनं बसवतात. एक बंद पडला तर दुसऱ्यानं काम ओढायचं.

तारा गेल्या, आयपी आलं

सुरुवातीला ही यंत्रं खास स्वतंत्र लाइननं जोडलेली असत. दोन हजार सालाच्या सुमारास इंटरनेटचं तंत्र स्वस्त आणि वेगवान झालं, तेव्हा हे निरोप आयपी जाळ्यावरून नेण्यासाठी 'सिगट्रान' नावाच्या मानकांचा संच तयार झाला. त्यातलं सर्वाधिक वापरलं जाणारं एक मानक म्हणजे एम३यूए. ते २००२ मध्ये आलं आणि २००६ मध्ये सुधारून आरएफसी ४६६६ या क्रमांकानं प्रसिद्ध झालं.

या मानकात 'ॲप्लिकेशन सर्व्हर' हा शब्द वारंवार येतो आणि तो वाचून अनेकांचा गोंधळ होतो. हा वेबसाइट चालवणारा सर्व्हर नव्हे. इथे ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणजे एक 'काम', उदाहरणार्थ एसएमएस केंद्राचं किंवा एचएलआरचं. ते काम करणाऱ्या प्रत्यक्ष प्रक्रिया वेगळ्या असतात, त्यांना एएसपी म्हणतात.

रेल्वेचं आरक्षण केंद्र डोळ्यांसमोर आणा. 'आरक्षण' हे काम एकच, पण खिडक्या चार. काम म्हणजे ॲप्लिकेशन सर्व्हर, खिडकी म्हणजे एएसपी. आलेल्या माणसाला कोणत्या खिडकीवर पाठवायचं, हे दाराशी उभा असलेला एसटीपी ठरवतो. आता या एसटीपीला काय काय सांगून ठेवावं लागतं ते बघू.

पहिली सेटिंग : पत्ता

आधी दोन यंत्रांमध्ये जोडणी हवी. ती एससीटीपी या प्रोटोकॉलवर होते. दोन्ही बाजूंचे आयपी पत्ते, पोर्ट क्रमांक आणि सुरुवात कोणी करायची, हे लिहावं लागतं. एम३यूएसाठी २९०५ हा पोर्ट ठरलेला आहे. इथला एक नेहमीचा घोळ म्हणजे मधली फायरवॉल. तिला टीसीपी आणि यूडीपी ओळखायला शिकवलेलं असतं, एससीटीपीचं कोणी सांगितलेलंच नसतं. मग सगळे पत्ते बरोबर असूनही जोडणी होत नाही.

एससीटीपीचा मोठा फायदा असा, की एकाच जोडणीला दोन-दोन आयपी पत्ते देता येतात. एक वाट बंद झाली तर निरोप दुसऱ्या वाटेनं जातात आणि जोडणी तुटत नाही. पण ते दोन्ही पत्ते एकाच स्विचमधून, एकाच केबलनं जात असतील, तर दोन वाटा फक्त कागदावरच राहतात. जेसीबीनं ती केबल तोडली, की दोन्ही एकदम जातात.

दुसरी सेटिंग : काम कोणाचं

जोडणी झाली, पण या टोकाला नेमके कोणते निरोप पाठवायचे? त्यासाठी 'राउटिंग की' लिहितात. अमुक पॉइंट कोडसाठी आलेला, अमुक प्रकारचा निरोप या ॲप्लिकेशन सर्व्हरचा, असा तो नियम असतो. या नियमाला एक क्रमांक देतात, तो 'राउटिंग कॉन्टेक्स्ट'.

हा क्रमांक दोन्ही बाजूंना एकच असावा लागतो. एका बाजूला १०० आणि दुसऱ्या बाजूला १०१ लिहिलं गेलं, तर तार ठीक, आयपी ठीक, पण समोरचं यंत्र 'हा कॉन्टेक्स्ट चुकीचा आहे' असं म्हणून निरोप नाकारतं. दोन बाजू बऱ्याचदा दोन वेगळ्या कंपन्यांच्या, निदान दोन वेगळ्या टीमच्या ताब्यात असतात. त्यामुळे अशी एका आकड्याची चूक शोधायला कधीकधी अख्खी रात्र जाते.

तिसरी सेटिंग : कामाची वाटणी

खिडक्या एकाहून जास्त असतील तर गर्दी कशी वाटायची? एम३यूएमध्ये तीन पद्धती आहेत. 'ओव्हरराइड'मध्ये एकच खिडकी काम करते आणि बाकीच्या तिच्या जागी यायला तयार असतात. 'लोडशेअर'मध्ये सगळ्या मिळून काम वाटून घेतात. 'ब्रॉडकास्ट'मध्ये प्रत्येक निरोप सगळ्यांकडे जातो. दोन्ही बाजूंनी वेगवेगळी पद्धत लिहिली, तर इथेही नकार मिळतो.

लोडशेअरमध्ये साधं गणित विसरून चालत नाही. दोन खिडक्यांवर प्रत्येकी ७० टक्के भार आहे आणि एक बंद पडली, तर दुसरीवर १४० टक्के भार येणार. मग तीही बसणार. जुन्या एसएस७ लाइनसाठी नियोजन करताना भार ४० टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचा संकेत होता तो याचसाठी. जोडीतली एक लाइन गेली तरी उरलेलीवर ८० टक्केच भार येतो.

या तीन सेटिंग्ज बरोबर झाल्या तरी पडद्यावर हिरवा दिवा दिसला म्हणजे झालं असं नाही. एएसपीच्या तीन अवस्था असतात : डाउन, इनॲक्टिव्ह आणि ॲक्टिव्ह. 'मी आलो आहे' असा निरोप दिला की तो डाउनमधून इनॲक्टिव्हमध्ये जातो. कर्मचारी खिडकीत येऊन बसला आहे, पण खिडकी अजून उघडलेली नाही. 'मी काम सुरू करतो' असा दुसरा निरोप देऊन त्याला होकार मिळाला, तरच तो ॲक्टिव्ह होतो. म्हणजे जोडणी सुरू असूनही एकही निरोप पुढे जात नाही, असं होऊ शकतं.

शेवटची चालू खिडकी बंद पडली, तर एसटीपी लगेच हात वर करत नाही. थोडा वेळ निरोप रांगेत धरून ठेवतो. तेवढ्यात एखादी खिडकी उघडली तर रांग पुढे सरकते, नाहीतर ते निरोप टाकून दिले जातात. न आलेल्या एखाद्या ओटीपीचा शेवट असाही झालेला असू शकतो.

आणि बंद पडलेलं परत सुरू होणं हीदेखील एक परीक्षाच असते. १४ ऑक्टोबर २०२१ रोजी जपानमध्ये एनटीटी डोकोमोनं इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांची माहिती ठेवणारी यंत्रणा बदलायला घेतली. अडचण आली म्हणून काम जुन्या यंत्रणेवर परत नेलं. तेव्हा असंख्य उपकरणांनी एकदम 'मी इथे आहे' अशी नोंदणी करायला सुरुवात केली. त्या निरोपांच्या लोंढ्यात नेटवर्क कोंडलं आणि देशभरात माणसांचे फोन आणि डेटा अडकले. म्हणूनच असे बदल मध्यरात्री आणि थोड्याथोड्या ग्राहकांपासून करतात. एका सेकंदाला किती निरोप आत घ्यायचे, याची मर्यादाही आधीच घालून ठेवतात.

चौथी सेटिंग : कोणाला काय बोलू द्यायचं

पहिल्या तीन सेटिंग्ज चुकल्या तर सेवा बंद पडते आणि चूक लगेच समजते. चौथी चुकली तर सगळं सुरळीत चालू राहतं. धोका तिथेच आहे.

एसएस७ तयार झालं तेव्हा या जाळ्यात मोजक्या टेलिफोन कंपन्या होत्या. आत आलेला प्रत्येक जण आपलाच, असं गृहीत धरलेलं होतं. एम३यूएच्या संवादात पासवर्ड नसतो. राखण करायची ती पत्त्यांच्या याद्यांनी, बंदिस्त जाळ्यानं आणि वेगळ्या एन्क्रिप्शननं. पण पुढे जगभरातल्या शेकडो कंपन्या रोमिंगसाठी एकमेकींना जोडल्या गेल्या. त्यातल्या एखाद्या कंपनीच्या जोडणीवर भलत्याचा हात पडला, तर तो अधिकृत दारातूनच आत येतो.

डिसेंबर २०१४ मध्ये हॅम्बुर्ग इथल्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये टोबियास एंगेल आणि कार्स्टन नोल या संशोधकांनी हे जाहीरपणे दाखवून दिलं. एसएस७ मधून कोणाचा ठावठिकाणा काढता येतो, कॉल आणि मेसेज वळवता येतात, हे जगासमोर आलं.

तीन वर्षांच्या आत जर्मनीत तेच प्रत्यक्षात घडलं. २०१७ च्या सुरुवातीला चोरांनी आधी बँकेच्या ग्राहकांचे पासवर्ड मिळवले. मग एका परदेशी मोबाइल कंपनीच्या जोडणीचा वापर करून या ग्राहकांचे एसएमएस आपल्याकडे वळवले आणि आलेले कोड वापरून खाती रिकामी केली. ओ२-टेलिफोनिका या कंपनीनं हा प्रकार घडल्याचं मान्य केलं.

यात कोणतंही कुलूप फोडावं लागत नाही. 'हा ग्राहक आता माझ्या हद्दीत आला आहे' एवढा एक निरोप एचएलआरपर्यंत पोहोचला की पुरे. रोमिंगमध्ये रोज असे असंख्य खरे निरोप येतात. एचएलआर खातेवहीत नोंद बदलतं आणि पुढचा ओटीपी त्या नव्या पत्त्यावर जातो.

यावरचा उपाय एसटीपीच्या दाराशीच करावा लागतो. जगभरच्या मोबाइल कंपन्यांची संघटना असलेल्या जीएसएमएनं त्यासाठी निरोपांचे तीन गट केले आहेत. काही निरोप फक्त कंपनीच्या आतूनच यायला हवेत, बाहेरून आले तर सरळ अडवायचे. काही फक्त ग्राहकाच्या मूळ कंपनीकडूनच यायला हवेत, ते तपासायचं. तिसरा गट अवघड, कारण ते निरोप बाहेरूनच यायचे असतात. तिथे तर्क लावावा लागतो. दहा मिनिटांपूर्वी नाशिकच्या टॉवरवर असलेला माणूस आता दुसऱ्या खंडात कसा असेल? असा निरोप थांबवायचा.

५जी आलं, मग हे संपलं का?

नाही. ४जी मध्ये एसएस७ ची जागा डायमीटर या प्रोटोकॉलनं घेतली आणि ५जी च्या गाभ्यात एन्क्रिप्शन आणि ओळख तपासणी सुरुवातीपासून धरलेली आहे. पण २जी आणि ३जी चालू असेपर्यंत, आणि जुन्या जाळ्यांशी रोमिंग असेपर्यंत, एसएस७ राहणार. भारतात साधे २जी फोन आजही वापरात आहेत. शिवाय डायमीटरमध्येही कोणत्या यंत्राला काय बोलू द्यायचं, हा प्रश्न तसाच राहतो.

ग्राहकाच्या हातात एसटीपीची किल्ली नाही, पण काही गोष्टी आहेत. जर्मनीतल्या चोरीत पहिली पायरी पासवर्ड चोरण्याची होती. तो फसव्या लिंकवर टाकला नाही, तर वळवलेल्या ओटीपीचा चोराला फारसा उपयोग होत नाही. ईमेल आणि सोशल मीडियाच्या खात्यांना एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप किंवा पासकी लावता येते. रिझर्व्ह बँकेनंही एसएमएस ओटीपीवर बंदी घातलेली नाही, पण २०२५ च्या निर्देशांमध्ये ओळख पटवण्याच्या इतर मार्गांना वाट करून दिली आहे. आणि खात्यातून पैसे गेलेच, तर वेळ न घालवता बँकेला कळवून १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा.

एसएस७ मधून ओटीपी चोरायला जाळ्यात शिरकाव लागतो आणि तो सहज मिळत नाही. त्यापेक्षा फोन करून गोड बोलून ओटीपी विचारणं चोराला कितीतरी सोपं आणि स्वस्त पडतं. ती खिडकी मात्र ज्याची त्यालाच बंद ठेवावी लागते.