दिवस साडेआठला बदलतो

पहाटे ५.४०
पुण्यात औंधमधली दोन खोल्यांची जागा. तिघी मुली मिळून राहतात. भाडं २१,०००, म्हणजे हिच्या वाट्याला सात. शेगडीवर चहाचं आधण ठेवून ती लॅपटॉप उघडते. रात्री संस्थेच्या मोठ्या कॉम्प्युटरवर पाच जॉब लावले होते. तीन पुरे झालेत. एक अजून रांगेत आहे. पाचवा पावणेतीनला बंद पडला, मागून घेतलेली वेळ संपली म्हणून. ती फाइल उघडते, सहा तासांच्या जागी आठ करते आणि जॉब पुन्हा रांगेत लावते. तोवर चहा वर आलेला असतो.

ती हवामान बदलावर पीएचडी करते आहे. चौथं वर्ष. गाव लातूर जिल्ह्यात. घरी चार एकर जिरायती, सगळं सोयाबीन. मी आज दिवसभर तिच्याबरोबर आहे. सप्टेंबरचा तिसरा आठवडा, बाहेर बारीक पाऊस.

सकाळी ७.३०
जुनी स्कूटी, अठ्ठावीस हजारांना घेतलेली. आठवड्याला तीनशेचं पेट्रोल. वाटेत मेसवर थांबून दुपारचा डबा घेते. दोन वेळच्या जेवणाचे महिन्याला ३,६००.

सीनियर रिसर्च फेलोला महिन्याला ४२,००० रुपये मिळतात, वर घरभाडं. हा दर २०२३ पासूनचा. पैसे कधी वेळेवर जमा होतात, कधी दोन-दोन महिने येत नाहीत आणि मग एकदम येतात. म्हणून तीन महिन्यांचं भाडं आणि मेस भागेल एवढी रक्कम ती खात्यात बाजूला ठेवते. तिला हात लावत नाही. घरी दर महिन्याला आठ हजार जातात. ते चुकत नाहीत.

सकाळी ८.२०
संस्थेच्या मागच्या अंगाला तारेचं कुंपण घातलेला गवताचा तुकडा आहे. तिथे पर्जन्यमापक. रोजची नोंद निरीक्षक काका घेतात. आठवड्यातून एकदा विद्यार्थ्यांची पाळी असते. आज हिची.

ती छत्री माझ्या हातात देते. वरचं नरसाळं फिरवून काढते. आतली बाटली उचलून पाणी मापाच्या ग्लासात ओतते. शेवटचा थेंब पडेपर्यंत बाटली उलटी धरते. मग उकिडवी बसते आणि ग्लास डोळ्यांच्या रेषेत आणते. काचेला लागून पाणी किंचित वर चढलेलं असतं, मधे खोलगट. वाचायचं ते खोलगट भागाच्या तळाशी. "उभं राहून वाचलं तर चुकतं," ती म्हणते. मापकाचं तोंड २०० चौरस सेंटिमीटर. २० मिलिलिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस.

१८.४. काका स्वतः पुन्हा वाचतात. १८.४. ती पेन्सिलीनं वहीत लिहिते, कारण शाई ओल्या पानावर पसरते. बाटली झटकून जागेवर ठेवते, नरसाळं घट्ट बसवते. घड्याळात साडेआठ.

ही नोंद आजच्या तारखेला लागते. पाऊस मात्र काल सकाळी साडेआठपासूनचा आहे. देशभर हाच नेम आहे. पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, सकाळी साडेआठला बदलतो.

निघताना काका कुंपणापलीकडच्या गुलमोहराकडे बोट दाखवतात. फांदी या बाजूला आली आहे. "झाड जेवढं उंच, त्याच्या दुप्पट तरी लांब पाहिजे मापक. नाहीतर पाऊस झाड खातं." बागेच्या विभागाला द्यायची चिठ्ठी त्यांनी कालच लिहून ठेवली आहे.

सकाळी ९.३०
टेबलावर दोन पडदे, एक वही, पाण्याची बाटली. समोरच्या फळीवर टाचलेला कागद. त्यावर केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालातले आकडे तिनं हातानं लिहिलेत. १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशानं वाढलं. १९५१ ते २०१५ मध्ये पावसाळ्याचा एकूण पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. आणि मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस १९५० ते २०१५ मध्ये सुमारे ७५ टक्क्यांनी जास्त वेळा येऊ लागला. एकूण कमी, एका दिवशी जास्त. हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते.

पडद्यावर हवामान खात्याची पावसाची फाइल. एका वर्षाची एक, १९०१ पासूनच्या. देशावर चौकटींची जाळी टाकलेली, आडव्या १३५, उभ्या १२९. जिथे आकडा नाही तिथे उणे ९९९. ही जाळी विणायला ६,९५५ ठिकाणांच्या पर्जन्यमापकांच्या नोंदी वापरल्या आहेत. म्हणजे तेवढ्या ठिकाणी कुणीतरी साडेआठला नरसाळं काढलं, ग्लास डोळ्यांसमोर धरला आणि वहीत लिहिलं.

तिचा प्रश्न या साडेआठचाच आहे. पहाटे तीनला सुरू झालेला पाऊस दुपारी बारापर्यंत लागून राहिला, तर त्याचे दोन तुकडे होतात. एक आजच्या तारखेला, एक उद्याच्या. एका मोठ्या पावसाचे कागदावर दोन मध्यम पाऊस होतात. मराठवाड्यात असं किती वेळा होतं? हवा तापते आहे, तसं त्यात काही बदलतंय का?

सकाळी ११.००
यासाठी तासातासाचा पाऊस लागतो. जुन्या काळचा तो तक्त्यांवर आहे. स्वयंलेखी पर्जन्यमापकात घड्याळावर फिरणारा एक ढोल असतो, त्याला कागद गुंडाळलेला. पाणी भरेल तसं पेन वर चढतं. १० मिलिमीटर भरले की नळीवाटे सगळं पाणी निघून जातं आणि पेन सरळ खाली शून्यावर येतं. मग पुन्हा चढायला लागतं. जोराच्या पावसात कागदावर करवतीसारखे दाते उमटतात.

तिच्यासमोर अशा तक्त्यांची स्कॅन केलेली पानं आहेत. माउसनं रेषेवर एकेक टिंब देत जायचं. दाते मोजायचे. चढ किती उभा आहे ते पाहायचं. एका तक्त्याला दहा मिनिटं, शाई फुटली असेल तर पंचवीस. कागदही साडेआठलाच बदलत असत. म्हणून सलग पावसाचा अर्धा भाग एका पानावर, उरलेला दुसऱ्यावर. ती दोन पानं शेजारी लावते आणि रेष जुळवते.

एका ठिकाणच्या वहीत ती थांबते. रविवारी शून्य. पुढच्या रविवारी शून्य. त्यापुढच्याही. आणि प्रत्येक सोमवारी जास्त पाऊस. रविवारी कुणी मोजलं नाही, सोमवारी दोन दिवसांचं पाणी एकदम मोजलं. ती आकडा खोडत नाही. शेजारच्या रकान्यात खूण करते. "शून्य म्हणजे पाऊस नव्हता. कोरं म्हणजे मोजला नाही. हे दोन वेगळे ठेवले नाहीत तर पुढचं सगळं खोटं." दोन तासांत अकरा तक्ते. मान आखडते. उठून खिडकीपर्यंत जाऊन येते.

दुपारी १.१०
डबा. तीन पोळ्या, दोडक्याची भाजी, वरण-भात. टेबलाभोवती सहा जण. बोलणं मुदतीचं. फेलोशिप पाच वर्षांची असते. एकाची संपायला चार महिने आहेत, प्रबंध आठ महिने दूर आहे. एकीला जर्मनीत दोन वर्षांचं काम मिळतंय, पण घरी आईचं डायलिसिस चालू आहे. एकजण कर्जाची चौकशी करून आलाय. फेलोला पगारपत्रक नसतं, म्हणून बँकेनं परत पाठवलं. डबे धुऊन सगळे पावणेदोनला उठतात.

दुपारी २.३०
गाइडची खोली. गाइडला सगळे मॅडम म्हणतात. ही नवे आलेख टेबलावर मांडते. एका बाजूला हवामान खात्याचा पाऊस, दुसऱ्या बाजूला युरोपच्या हवामान केंद्राची 'एरा-५' ही माहिती. एरा-५ तासातासाची आहे, १९४० पासूनची. दोन्हींचा दिवसादिवसाचा मेळ बसायला हवा. बऱ्याच ठिकाणी बसत नाही. तिनं त्यावर दोन पानं कारणं लिहून आणली आहेत.

मॅडम आलेखाकडे बघत राहतात. मग विचारतात, "यातला दिवस कुठला घेतलास?"

ती गप्प होते. एरा-५चा दिवस ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून धरलेला. म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचपासून. खात्याचा दिवस साडेआठपासून. मधे तीन तास. तिच्या सगळ्या प्रश्नाचं मूळ ज्या साडेआठात आहे, तिथेच तिची बेरीज घसरली.

"तीन आठवडे गेले, मॅडम."

"सापडलं ना? छापून आल्यावर सापडलं असतं तर?" मॅडम चहा मागवतात. दोन पानं कारणं ती स्वतःच फाडते.

दुपारी ३.४५
दुरुस्ती. ती कॉम्प्युटरला हात लावत नाही. वहीच्या पानावर चोवीस चौकोन आखते. आपले साडेआठ म्हणजे ग्रिनिचचे तीन. तेव्हा तीनपासून दुसऱ्या दिवशीच्या तीनपर्यंत बेरीज. पण एरा-५मध्ये तीनच्या शिक्क्याचा आकडा दोन ते तीनमधल्या पावसाचा असतो. म्हणून पहिला आकडा चारचा घ्यायचा, शेवटचा दुसऱ्या दिवशीच्या तीनचा. आणि बेरजेला तारीख लावायची ती शेवटच्या दिवसाची. पेन्सिलीनं एकेक चौकोन मोजते. चोवीस. पुन्हा मोजते. मग टाइप करायला घेते. बदल जेमतेम चार ओळींचा आहे. ऐंशीहून जास्त वर्षांची माहिती मात्र त्यातून पुन्हा काढावी लागणार.

संध्याकाळी ५.१५
हिशोब विभागाची खिडकी बंद व्हायला पंधरा मिनिटं. मार्चमध्ये ती एका परिषदेला गेली होती. गाडीचं तिकीट, नोंदणी, पोस्टरची छपाई ८५०, रिक्षा. एकूण ९,३४० रुपये, पदरचे. कागद तिसऱ्यांदा परत आलेत, या वेळी रिक्षाच्या पावतीवर सही नाही म्हणून. ती खालच्या दुकानात दोन रुपये पानाप्रमाणे सहा प्रती काढते. पावत्या डिंकानं कोऱ्या कागदावर चिकटवते, प्रत्येकीखाली सही करते. खिडकीत कागद घेतात. पोच मिळते. ती पोचेचा फोटो काढून ठेवते.

संध्याकाळी ७.४०
फोन. गावाहून अण्णा, तिचे वडील.

"जेवलीस का?"

"जाते आता. तुमचं?"

"झालं. सोयाबीन पाण्यात आहे खालच्या अंगाला. शेंगा काळ्या पडायल्यात."

परवा रात्री अडीचला पाऊस लागला, तो काल दुपारी एकपर्यंत. अण्णांच्या लेखी तो एकच पाऊस. आज तलाठ्यांकडे आकडे विचारले. महसूल मंडळात कालच्या तारखेला ४१ मिलिमीटर, आजच्या तारखेला ३३. अतिवृष्टीची मदत ठरवताना मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला का, ते पाहतात.

"एकेचाळीस आन् तेहतीस किती झाले?" अण्णा विचारतात.

"चौऱ्याहत्तर."

"मग?"

ती सांगते. साडेआठचं सांगते, तारखांचं सांगते. अण्णा ऐकून घेतात. "म्हणजे पाऊस सकाळी थांबून पडायला पाहिजे होता," ते म्हणतात, आणि विचारतात, पैसे आले का गं तुझे? ती आले म्हणते. ते अजून आलेले नाहीत.

फोन ठेवल्यावर ती वही उघडते. आजची तारीख टाकते. मंडळाचं नाव, ४१, ३३, पावसाची सुरुवात, शेवट. खाली लिहिते : तासाचे आकडे मागवणे.

रात्री १०.४५
खोलीवर. मेसचं जेवण झालंय. नवा प्रोग्राम तयार आहे. रांगेत लावण्याआधी ती त्याला एका तारखेवर तपासून बघते, नेहमी त्याच. मुंबईचा २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. लोकांच्या तोंडी २६ जुलै. वहीत तो २७ तारखेला आहे, कारण मोजला २७ च्या सकाळी साडेआठला. बेरीज बरोबर असेल, तर एरा-५चा मोठा आकडाही आता २७ ला यायला हवा. एरा-५च्या चौकटी मोठ्या असतात, ९४४ त्यांत दिसणार नाही. तिला आज तारीख हवी आहे.

पडद्यावर २७ जुलै.

ती आठ जॉब लावते. या वेळी प्रत्येकाला दोन तास जास्त. रांगेत पुढे एकोणीस जण आहेत. लॅपटॉप मिटते. फेलोशिपचे चौदा महिने उरलेत. तक्ते अजून चारशेच्या वर आहेत.

रात्री ११.२०
दिवा बंद. बाहेर पाऊस वाढलाय. हा उद्याच्या तारखेत जाईल.

वाचणाऱ्याला एक विनंती. तुमच्या गावातलं, मंडळातलं पर्जन्यमापक कुठे आहे, ते एकदा बघून या. त्याच्यावर फांदी आली असेल, शेजारी भिंत चढली असेल, कुंपण मोडलं असेल, तर ग्रामपंचायतीत सांगा, लेखी द्या. तिथे चुकलेला आकडा पुण्यात बसून कुणालाही दुरुस्त करता येत नाही.